हैफातल्या मुलीची भूमिका

वहिनींनी पूजेचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळाचं नाटक होतं. तिसऱ्या घंटेआधी नटराजाची पूजा. दर वर्षी ताट मीच धरायची. त्या वर्षी बाबा नागपूरहून आले होते. विंगेत येऊन त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "जय भीम." झालं. आडनावावरून कधी कुणाला कळलं नव्हतं, ते एका क्षणात कळलं.

"अगं, राहू दे. तू प्रॉम्प्टिंग बघ," वहिनी म्हणाल्या. हसून म्हणाल्या. मग ताटाची कड रुमालाने पुसली. माझी बोटं लागली होती तिथे.

बाबांनी पाहिलं. मी घाबरले. वहिनींचे यजमान ऑफिसात माझे टीम लीड, आम्ही त्यांना सर म्हणतो. माझा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, त्यांच्या शब्दावर. आणि माझं ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या करारावर. मी मुकाट्याने संहिता उचलली आणि पडद्यामागे जाऊन बसले.

पुढच्या हिवाळ्यात बर्लिनमधल्या एका छोट्या थिएटरने नव्या पॅलेस्टिनी नाटककारांची नाटकं प्रेक्षकांसमोर वाचायला घेतली. लिहिणारी सगळी तरुण पोरं, कुणाचं पहिलं नाटक, कुणाचं दुसरं. इंग्रजीतून वाचायला हौशी माणसं हवी होती. मी नाव दिलं. तिथे मला कोण ओळखतंय?

माझ्या वाट्याला इस्रायलमधल्या हैफा शहरातली एक पॅलेस्टिनी मुलगी आली. ती कॉल सेंटरमध्ये हिब्रू नाव लावून काम करते. आईचा फोन आला की संडासात जाऊन कडी लावते, नळ सोडते. तिचं अरबी बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. पहिल्याच तालमीत मी त्या पानावर अडकले. ऑफिसातल्या बाकी मराठी माणसांना माहीत नाही, म्हणून बाबांचा फोन आला की मी जिन्यात पळते. जय भीम म्हटल्याशिवाय ते बोलणं सुरू करत नाहीत, आणि त्यांचा आवाज फोनबाहेर येतो. हे या नाटककार बाईला कुणी सांगितलं?

नाटक लिहिणारी समोरच बसली होती. माझ्याहून लहान.

"का थांबलीस?"

"पान चिकटलं," मी म्हणाले. तिच्यासमोरही खरं बोलवेना.

वाचनाच्या दिवशी पाहते तर तिसऱ्या रांगेत सर आणि वहिनी. वहिनींना नाटकाचं वेड, त्यात बर्लिन म्हणजे ट्रेनने तासाभरावर. कसंबसं वाचलं. दोनदा ओळ चुकले, लोकांना तो अभिनय वाटला. टाळ्याही बऱ्या पडल्या.

मग चर्चा. एका जर्मन बाईंनी मलाच विचारलं, "तुमच्या भारतात असं लपून राहावं लागत नसेल, नाही का?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी अगदी किंचित मान हलवली. नको.

त्या मान हलवण्याचा संताप आला. मला काय बोलायचं तेही हेच ठरवणार? भीती होतीच. संताप तिच्याहून नखभर जास्त निघाला.

"लागतं," मी म्हणाले. "मी महारांची पोरगी. आम्ही बौद्ध आहोत. भारत सोडा, इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये, मी ते लपवते. आपल्याच माणसांपासून."

वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

बाहेर कोट घालताना सरांनी गाठलं. आवाज खाली, मराठीत.

"हे इथे काढायची काय गरज होती? हल्ली कोण मानतं? आणि तुझा फेरट्राग मार्चमध्ये संपतोय ना?"

"संपतोय, सर."

"मग जरा विचार करून बोलत जा."

कोटाचं बटण लागेना.

"केलाय विचार," मी म्हणाले. "हे नाटक मी मराठीत आणणार. मंडळाच्या सभेत मांडणार. नको असेल तर तिथे सगळ्यांसमोर नको म्हणा. का नको, तेही सांगा."

ते वळले आणि दाराकडे चालू लागले.

मार्चची भीती आजही आहे, खोटं कशाला सांगू? पण सभेची तारीख ठरली आहे. मला नाकारायचं तर आता तोंड उघडून नाकारावं लागेल, चारचौघांत, आणि मी समोर उभी असेन.