‘कलर्ड’ या शब्दाखालची पेन्सिलची रेघ

रामटेके काका गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी घाबरले. रडू नंतर आलं.

तीन वर्षं मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली होती. आता सांगायचीही सोय उरली नाही.

काका लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोच्या रस्त्यावर बत्तीस नंबरला राहायचे. नव्वदी ओलांडलेले. विशीत नागपूरहून इथे फॅक्टरीत कामाला आलेले.

त्यांच्याकडे एक वही होती. पन्नासच्या दशकातली इंग्लिश पेपरची कात्रणं. काहींवर चिप्सचे तेलकट डाग, कारण तेव्हा बटाट्याच्या गरम चिप्स पेपरातच बांधून मिळायच्या.

प्रत्येक कात्रणात एकाच शब्दाखाली पेन्सिलची रेघ. ‘कलर्ड’. म्हणजे गोरा नसलेला.

कलर्ड ड्रायव्हर. कलर्ड लॉजर. कलर्ड ब्राइड.

एका बातमीत फॅक्टरीला आग लागली होती. फोरमनचं नाव, वय, गल्ली, सगळं छापलेलं. त्याला बाहेर ओढून काढणारा मात्र नुसता ‘अ कलर्ड वर्कर’.

तो वर्कर म्हणजे काका.

“चोरी केली तरी कलर्ड, जीव वाचवला तरी कलर्ड,” ते हसून म्हणायचे. मग हसू थांबायचं.

“नावाच्या जागी हा शब्द रोज रोज दिसाले लागला ना, की आम्ही खिडकीपासून दूर झोपत होतो. एकदा काचेतून वीट आलीच.”

ते हे सांगायचे तेव्हा मी नजर वळवायचे. विटेमुळे नाही. माझ्यामुळे.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. आम्ही नुकते इथे राहायला आलो होतो. माझा नवरा सागर प्रोजेक्टसाठी एडिनबराला. घरी मी आणि सहा वर्षांची मुलगी. त्याच आठवड्यात बसमध्ये एक माणूस माझ्या तोंडावर ओरडला होता, “गो होम.” मी दिवसाही डबल लॉक लावायचे.

संध्याकाळी डोअरबेलच्या कॅमेऱ्यात कुणीतरी दिसलं. हूड ओढलेला माणूस. बेल न वाजवता दारात वाकलेला.

मी आमच्या रस्त्याच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं: एशियन मेल, हूडी, सस्पिशस. प्लीज बी केअरफुल.

लगेच कमेंट्स. कुणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. कुणी म्हणालं, मी कुत्रा घेऊन बाहेर पडतोय.

मी दार किलकिलं केलं. पायरीवर आइस्क्रीमचा जुना डबा. आत खीर. वर मराठीत चिठ्ठी:

“धम्मचक्र दिनाच्या शुभेच्छा. तुमच्या घरातून मराठी ऐकू आलं. लेकरू झोपलं असेल म्हणून बेल वाजवली नाही. रामटेके, बत्तीस नंबर.”

पोस्ट डिलीट केली; तोवर अख्ख्या रस्त्याने ती वाचली होती. त्या कुत्रेवाल्याला काका भेटले असते तर? हा विचार अजून मला सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी काका परत आले. यावेळी बेल वाजवून. बाहेर बोचरी थंडी, आणि डोकं उघडं.

तीन वर्षं ते माझ्या दारात तसेच उभे राहायचे. पाऊस असो, गारठा असो. मी रागवायचे, “अहो काका, सर्दी होईल. हूड घ्या ना डोक्यावर.”

“राहू दे वं. चेहरा दिसावा माणसाचा.”

प्रत्येक वेळी मनात यायचं, यांना माहीत आहे का? विचारायची हिंमत झाली नाही.

आज मित्राताई, त्यांची मुलगी, वॉटफर्डहून आली. इथेच जन्मलेली, मराठी तिची स्वतःची. “बाबाने सांगितला होता, ही बुक तुलाच द्यायचा.”

मला ती वही हातात घ्यायचीही भीती वाटत होती.

शेवटच्या पानावर कात्रण नव्हतं. माझी पोस्ट होती, शब्दन्‌शब्द, काकांनी हाताने उतरवलेली. ‘एशियन’खाली पेन्सिलची रेघ.

आणि त्याखाली मराठीत:

“पोरगी फार घाबरली आहे. उद्या हूड न घालता जायचं.”

काका, श्रद्धांजली वाहायला शब्द शोधतेय आणि प्रत्येक शब्दाची भीती वाटतेय.

मला माफ करा.

जय भीम, रामटेके काका.