पुठ्ठ्याआडचे फासे

डेल्बर्ट,

हे पत्र तू स्वतः वाचणार नाहीस हे मला माहीत आहे. अर्लीन वाचून दाखवेल. अर्लीन, मध्येच थांबून भावाच्या तोंडाकडे बघू नकोस आणि काही गाळू नकोस. साठी उलटलेला माणूस आहे, त्याला सोसेल.

लिहायचं कारण जोनी. परवा दुकानात भेटली आणि म्हणाली, डेल्बर्टला खेळाचा कंटाळा आला म्हणून तो गेला, नाही का बाई? वर्षं गेली की लोक असंच सगळं गुळगुळीत करून ठेवतात. तुला कंटाळा आला नव्हता. तुला आम्ही खुर्चीवरून उतरवलं, भर दुपारी, लख्ख उजेडात, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणाची भूक मेल्याचं मला आठवत नाही.

रविवार सोडला तर तू फारसा कुणी नव्हतास. हिवाळ्यात काउंटीचा बर्फ सारायचा ट्रक, उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत आणि खड्ड्यांत डांबर. आई होती तोवर आईजवळ राहिलास, आई गेल्यावर तिच्याच स्वयंपाकघरात तिच्याच पातेल्यात डब्यातले बीन्स गरम करून खात राहिलास. लग्नाचं तुला कुणी विचारलं नाही, तूही कुणाला विचारलं नाहीस. खाणावळीत तू बोलायला लागलास की लोक तुझं वाक्य संपायच्या आत सफरचंदाची पाय-मिठाई मागवायचे. तुझा मुकादम तुला ट्रकच्या नंबराने हाक मारायचा.

पण रविवारी दुपारी बॉलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या त्या खेळघराच्या, मागच्या खोलीत तू टेबलाच्या टोकाला बसायचास आणि आम्ही तोंड मिटून ऐकायचो. पट नाही, सोंगट्या नाहीत. आम्ही प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेलं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, मी एक म्हातारी चोरटी. आणि तू सूत्रधार. पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते तू सांगायचंस, आम्ही काय करतो ते आम्ही सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते तू ठरवायचंस. नियम एका पातळ पुस्तिकेत होते आणि ते तुला मावसभावाने कधीकाळी तोंडी सांगितलेले. बाकीचा सगळा कारभार तुझ्या डोक्यात. पलीकडे बॉलिंगच्या पिना कोसळल्या की तू त्याच क्षणाला म्हणायचास, वरून दरड आली, आणि आम्ही खरोखर छताकडे बघायचो. असा सूत्रधार मी दुसरा पाहिला नाही. हे कौतुक नव्हे. जे होतं ते लिहिते आहे.

फासे तू पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकायचास. बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा, तिघडी करून उभा केलेला. सूत्रधाराचे फासे कुणी बघायचे नाहीत ही रीतच होती. मी तुझ्या डाव्या हाताला बसत असल्यामुळे मला ते दिसायचे, आणि तू फाशांकडे बघायचाससुद्धा नाहीस हेही दिसायचं. फासे नुसते वाजवायला. माझी चोरटी इतकी वर्षं जगली ती तिच्या अकलेने नव्हे, तुला माझ्या कोपरखळ्या आवडायच्या म्हणून.

आता दुसरी बाजू, कारण तुझा चेहरा लगेच सोशिक होणार. तू राजा होतास, आणि राजे असतात तितकाच दुष्ट होतास. जो चुरूचुरू बोलेल तो तरायचा. जोनी चीज कारखान्यात पाकिटं भरायची, तिच्या तोंडातून शब्द फुटायला वेळ लागायचा. तिचं पहिलं सोंग होतं एका वैदू जोगतिणीचं. तिने त्या जोगतिणीचं चित्र काढलं होतं, झग्याची शिवणसुद्धा काढली होती. तुझ्या गोष्टीत नाव उलटली, तू तिला विचारलंस काय करतेस, आणि ती विचार करायला लागली. तू वाट पाहिली नाहीस.

"पाणी थांबत नाही, जोनी," म्हणालास, आणि पुठ्ठ्याआड फासे वाजवलेस. "बुडालीस."

वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस पडले होते, म्हणजे ती सहज तरायला हवी होती. जोनीने चित्राची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आम्हाला सगळ्यांना सोडा आणून दिला. पुढच्या रविवारी नवं सोंग घेऊन ती पुन्हा आली. दुसरं जायचं कुठे? या गावात रविवारी एक चर्च आहे आणि एक बॉलिंग.

मग गॅरेट आला. मिलवॉकीहून बदलून आलेला, विमा कंपनीतला पाहणीदार. पडलेल्या छपराकडे बघून भरपाई का मिळणार नाही त्याचं पोटकलम दाखवणं हा त्याचा धंदा. वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं की तुला राग येईल, म्हणूनच सांगते. त्याने खेळाची नवी आवृत्ती आणली, विटेएवढं पुस्तक. उडी किती लांब, दोर किती ओझं पेलतो, अंधारात नेम किती चुकतो, कुणाला गोड बोलून वळवायचं तर किती आकडा लागतो, सगळ्याला नियम. घेऊ या का, असं त्याने विचारलं तेव्हा पहिला हात जोनीचा वर गेला. तूही मान डोलावलीस. तुला वाटलं, पुस्तक काय, खोलीच्या कोपऱ्यात पडून राहील. आमच्या घरी बायबल पडून असायचं तसं.

ते पडून राहिलं नाही. महिनाभरात खोलीतली माना वळायची दिशा बदलली. पूर्वी आम्ही तुझ्या तोंडाकडे बघायचो, आता प्रत्येक जण आपापल्या कागदाकडे. पूर्वी कुणीतरी विचारायचं, दार कसलं आहे, कडी गंजलीय का, पलीकडून वास कसला येतोय? आता गॅरेट म्हणायचा, कुलूप उघडतो, फाशावर माझे अठरा. तू विचारायचास, कसं उघडतोस? तो म्हणायचा, कसं याला पुस्तकात जागा नाही, डेल, अठरा झाले. आणि बरोबर होतं त्याचं. तू दरवाजा मनात इतका रंगवून आणलेला असायचास, आणि तो एका आकड्यात उघडायचा.

राजाचा तुझा मामलेदार झाला. गोष्ट सांगणं गेलं, दाखले देणं आलं. एकेका राक्षसाचे दहा-दहा आकडे आधी मांडून आणायचे, ते तू आणायचास. पण पेन्सिलने, गिचमिड, आणि निम्मे चुकलेले. गॅरेट ते खेळता खेळता दुरुस्त करायचा, मास्तरासारखा नव्हे, वेटरने चुकीची थाळी परत उचलावी तसा. मला सांग, तुझ्यासारख्याला तेच जास्त झोंबलं ना?

पुठ्ठाही त्यानेच काढायला लावला. फार हुशारीने. म्हणाला, नियम जर सगळ्यांना सारखे, तर फासे सगळ्यांना दिसायला काय हरकत? घाबरतोस का? असल्या चिमट्याला ट्रकवाले नेहमी बळी पडतात. तू पुठ्ठा उचललास आणि मागे भिंतीशी टाकलास, छाती काढून, जणू काही तूच जिंकलास. त्या क्षणी तू संपलास. मी तेव्हाच ओळखलं आणि माझा चीजचा वडा खात राहिले. चोरटीचं आयुष्य आता फार उरलं नाही एवढाच विचार माझ्या मनात आला, आणि तो खराही ठरला. दोन रविवारांत मेली बिचारी.

तुला वाचता येत नाही हे गॅरेटला कधी कळलं कोण जाणे. अगदी येत नाही असं नाही. रस्त्यावरच्या पाट्या येतात, पाकिटावरचं येतं. पण परिच्छेद आला की अक्षरं तुझ्यासमोर मेंढरांसारखी पांगतात. नियम बघायची वेळ आली की तू म्हणायचास, बाई, चष्मा विसरलोय, जरा बघता का. मी वाचायची. दर रविवारी चष्मा विसरणारा माणूस कुणाला फसवतो? पण आमचं अळीमिळी गुपचिळी चाललं होतं.

त्या रविवारी जोनीचं नवं सोंग, एक आडदांड बाई, गोठलेल्या तळ्यावरून चालली होती आणि बर्फ फुटला. जोनी पाण्यात. तू पुढे वाकलास. तुझ्या डोळ्यांत ते जुनं आलं, गोष्ट लागल्यावर यायचं ते. तुला तिला वाचवायचं होतं, माझी शपथ. बहुतेक त्या जोगतिणीची भरपाई करायची होती. तू म्हणालास, तुझ्या हाताला काहीतरी लागतं, झाडाचं मूळ आहे, घट्ट आहे.

जोनी म्हणाली, "मूळबीळ नको. पुस्तकात काय आहे ते वाच."

इतक्या वर्षांत तिने न अडखळता म्हटलेलं ते मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

तू माझ्याकडे वळलास. म्हणालास, बाई, चष्मा. मी हात पुढे केला, पण गॅरेटने पुस्तक तुझ्यासमोर उघडून ठेवलं, आपला चष्मा नाकावरून काढला आणि पुस्तकावर ठेवला.

"हा घे, डेल. सूत्रधाराने वाचावं. नियम तुझ्या तोंडून आला पाहिजे, नाहीतर म्हणशील आम्हीच खेळ चालवतो."

तू चष्मा लावलास. तो तुला लागतही नव्हता. आणि वाचायला लागलास, बोट ठेवून. पलीकडे कुणीतरी सगळ्या पिना पाडल्या, लोक ओरडले, थांबले, आणि तू त्याच ओळीवर होतास. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. जोनी तुझ्या बोटाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, नुसती वाट पाहणं होतं. तुला वाट पाहता आली नव्हती. तिला येत होती.

नियम असा निघाला की अंगात जितका दम लिहिला आहे त्याच्या दुप्पट डाव श्वास रोखता येतो. जोनीने दमाचा आकडा मुद्दाम वाढवून ठेवला होता. एकदा बुडालेली बाई ती; दुसऱ्यांदा कागद भरताना तिने सगळ्यात आधी तोच रकाना भरला होता. तिने मनातल्या मनात हिशेब केला, फासासुद्धा टाकला नाही, आणि म्हणाली, मी पोहत काठावर येते.

"बघ," गॅरेट म्हणाला, "तुझी गरजच पडली नाही."

जोनी तुला म्हणाली, "आज मी माझी मी वाचले, डेल्बर्ट." रागाने नव्हे. तिला खरोखर आनंद झाला होता, आणि तो तिला कुणाला तरी सांगायचा होता. इतका निखळ आनंद मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता. म्हणून मला त्या पुस्तकाला नावं ठेवता येत नाहीत. ज्यांना बोलता येत नाही त्यांना ते बोलू देतं. ज्यांना फक्त बोलताच येतं, त्यांचं तोंड बंद करतं.

तू डाव पुरा केलास. चष्मा पुसून परत दिलास. नंतर वाहनतळावर माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलीस आणि म्हणालास, बाई, तुमच्याकडे टेपरेकॉर्डर आहे ना? मला ते पुस्तक वाचून भरून द्याल का, ट्रकमध्ये ऐकेन, रस्ते साफ करताना वेळच वेळ असतो. कानावर पडलेलं मी विसरत नाही. आधी लढाईचं प्रकरण द्या, बाकीचं सावकाश.

मी म्हटलं, देईन, पुस्तक आणून दे. पुस्तक टोळीचं होतं, एकच, बॉलिंगच्या कपाटात ठेवलेलं. तू म्हणालास, मंगळवारी आणतो.

सोमवारी रात्रीपासून बर्फ पडायला लागला आणि आठवडाभर तू रस्त्यावर होतास. माझ्या दारावरूनही दोनदा गेलास, मी खिडकीतून पाहिलं, तू हॉर्न वाजवलास. रविवारी मी पोचले तेव्हा टेबलाच्या टोकाला गॅरेट बसला होता, पुस्तक त्याच्यासमोर उघडं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मी विचारलं नाही. तू आलास, बघितलंस, आणि बाजूची खुर्ची ओढलीस. जोनीने तुझ्यापुढे कोरा कागद सरकवला, सोंग लिहायला. तुझं नाव तेवढं तू लिहिलंस.

तसे काही रविवार बसलास. मग अर्लीनकडे राहायला गेलास.

टेपांचं तू पुन्हा काढलं नाहीस. पुस्तक मागायचं तर आता गॅरेटकडे मागावं लागलं असतं, ते तुला जमलं नाही. मीही ते त्याच्याकडे मागितलं नाही. लढाईचं प्रकरण तेवढं आधी भरायचं ठरलं होतं. ते भरलं गेलं नाही.