सोलापुरात सोबत कोण?

भर उन्हाळ्यात हौसेनं सोलापूर बघायला निघालेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर मीच असेन. पुण्याहून गाडी सुटली तेव्हा पिशवीत घरचा फोडणीचा भात होता. बायको गेल्यापासून घरात मी एकटा, पण हात अजून दोघांपुरताच भात टाकतो. रात्री उरलेला भात ओट्यावरच राहिला होता. सकाळी त्यालाच फोडणी दिली आणि डबा भरला. परगावी बाहेरचं खायचं नाही, हे माझं शास्त्र!

सोलापूरला उतरलो तर ऊन कुत्र्यासारखं अंगावर धावून आलं. रस्त्यावरच्या सावल्या दुकानांत शिरून बसल्या होत्या. तलावात एक म्हैस उतरली आणि चर्र आवाज झाला, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

दुपारी बाजारातल्या एका खानावळीपुढे पाय अडखळले. आत कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली) आणि शेंगाचटणी. मालकीणबाई म्हणाल्या, "या की ओ, बसा."

"नको, डबा आहे."

"आमच्यात काय इख (विष) न्हाय घातलेलं!"

मी शहाण्यासारखा हसलो. लॉजवर येऊन डबा चाटूनपुसून संपवला. भात जरा आंबूस लागला. लिंबू जास्त झालं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

दिवेलागणीला पोटात कुस्त्यांचा फड रंगला. उलट्या अशा, की त्यात इयत्ता दुसरीत खाल्लेला शिरासुद्धा ओळखू आला. लॉजच्या मॅनेजरनं रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं.

सिस्टरनी पहिलाच प्रश्न टाकला, "पेशंटसोबत कोण आहे?"

"तीन भाऊ विमानानं येतायत," मी म्हणालो. मला भाऊ नाही.

"विमान उतरेपर्यंत कोण? तुम्हाला उभं राहवेना. घोट घोट पाणी पाजायला, संडासला धरून न्यायला माणूस पाहिजे की."

मी फोन काढला. फोनमध्ये नावं पुष्कळ होती. यातलं कोण येईल, याचा विचार करत बसलो आणि फोन परत खिशात ठेवला.

"मी हाय की," शेजारच्या खाटेकडून आवाज आला. अक्कलकोटकडची एक बाई सासऱ्यांच्या उशाशी बसली होती, त्यांच्याशी कानडीत बोलत.

"तुम्ही कोण यांच्या?"

"भाची. व्हय का न्हाय ओ मामा?"

मी मान डोलावली. माझ्या तोडीचं खोटं बोलणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाहेरचं काय खाल्लंत?" अख्ख्या सोलापूरवर आळ घ्यायला मी तोंड उघडलं, पण तोंडून निघालं ते डब्याचंच नाव. त्या म्हणाल्या, "शिजवलेला भात उकाड्यात तसाच राहिला की जंतू वाढतात आणि त्यात विष तयार करतात. परत तापवलं तरी ते विष जात नाही. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवायचा."

"जुलाब थांबवायची गोळी द्या ना."

"मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत. अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायचं. ओआरएस, एकेक घोट. उलटी थांबेना, लघवी कमी झाली, ताप चढला, रक्त पडलं, तर लगेच सांगा."

भाचीनं पेला धरला. "मामा, घ्या."

"आत्ताच विहीर प्यायलोय."

"आता तळं प्या. गपागपा न्हाय, नायतर परत बाहेर येतंय. दमानं."

सासऱ्यांना एक घोट, मला एक घोट, असं तिचं चाललं होतं. पहाटे पोटातली कुस्ती निकाली निघाली.

दुपारी सुट्टी मिळाली. गाडीला थोडाच वेळ होता. भाची दारापर्यंत आली, घुटमळली.

"मामा, म्हाताऱ्यापाशी जरा बसता काय? म्या कालपासनं अंगावर पाणी न्हाय घेतलं. माझं बी हितं कोन न्हाय."

मी बसलो. म्हाताऱ्याला मराठी येईना, मला कानडी. म्हशीची गोष्ट त्यांना सगळी सांगितली, हातवारे करून. ते खुदकन हसले आणि माझं बोट धरून झोपी गेले. गाडी गेली असणार.

मी पुण्याला एक दिवस उशिरा पोचलो. कुलूप उघडलं, पंखा लावला. उशीर का झाला, हे विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगितलं.