भिंतीत माशांसाठी सोडलेली जागा

१० फेब्रुवारी १९६३, रविवार. नेर, नव्या घराची जागा. हजर: मी, हे, गवंडीकाम करणारे मिस्त्री आणि माझी धाकटी जाऊ. जावेला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती शेजारीच राहते आणि आमच्या घराच्या प्रत्येक विटेवर तिचं लक्ष होतं.

भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या होत्या. त्या दिवशी एकच गोष्ट ठरवायची होती. बैठक आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत चार फूट लांब, दोन फूट उंच अशी मोकळी जागा सोडायची, तिला समोरून काच लावायची, आत पाणी भरायचं आणि त्यात मासे ठेवायचे. ही कल्पना यांची. नागपूरच्या एका प्रदर्शनात यांनी काचेच्या पेटीत लाल मासे पाहिले होते. आमच्यापैकी दुसऱ्या कोणी तसं काही पाहिलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी ओळंबा खाली ठेवला. "भाभी, पानी धरनं हे विहिरीचं काम हाय. भिंतीचं नाही."

"तुम्ही टाकी बांधता की नाही?" हे म्हणाले. "तशीच बांधा. फक्त एक बाजू काचेची."

"माशायले खोली बांधून राह्यले का वो बाई?" जाऊ मला म्हणाली. "आमच्या घरी मासा आला तं कढईत जाते. पाहत कोन बसते त्याच्याकडे?"

सगळे हसले. हेही हसले. मग यांनी एक विटांची चळत ओढून त्यावर बैठक मारली आणि मिस्त्रींना सांगितलं, "मी असा खुर्चीवर बसेन. काचेचा मध्य माझ्या डोळ्यासमोर आला पाहिजे. बरोबर समोर. बाजूला चालणार नाही."

मिस्त्रींना कारण माहीत नव्हतं. मला होतं. यांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडून आत मिटत चालली होती, नळीतून पाहावं तसं यांना समोरचं तेवढं दिसायचं. हायस्कुलात हे विज्ञान शिकवायचे आणि मागच्या बाकावरची पोरं आवाजावरून ओळखायचे. डॉक्टरांनी मुदत सांगितली नव्हती. पण यांनी मला एकदाच, भाजी निवडताना सांगितलं होतं, "जे आहे ते वर्षभराचं धर. तोवर काहीतरी रंगीत, हलणारं रोज समोर असावं असं वाटतं." मी "बरं" म्हणाले आणि यादीत लिहून घेतलं.

यादी करणं हे माझं काम. शाळेतली एक जुनी, अर्धी कोरी हजेरीवही यांनी मला आणून दिली होती, तिच्यात घराची सगळी कामं मी क्रमाने मांडली होती. सिमेंटच्या परमिटचा अर्ज, चौकटी, छपराची कवेलू, स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणी, संडास, विहिरीचा रहाट. माशांची पेटी सतराव्या नंबरवर होती.

त्या दिवशी यांनी वही अगदी तोंडाजवळ धरून वाचली. "हे सतरा जरा वर घेता येईल का?"

"छपराआधी मासे?" मी म्हटलं.

जाऊ पुन्हा हसली. यांनी वही मिटून मला परत दिली. पुढे हा विषय यांनी काढला नाही. मीही काढला नाही. काम सुरळीत चाललं होतं आणि मला त्याचं समाधान होतं.

मार्चात छप्पर झालं. पेटीच्या बरोबर वर चार कवेलूंच्या जागी काच बसवली, म्हणजे दिवसा उजेड थेट पाण्यात पडेल. माशांना खाणं टाकायला माजघराच्या बाजूने वर एक झडप ठेवली. समोरची जाड काच अमरावतीहून गवतात गुंडाळून आणली. ती लोखंडी पट्टीत बसवून फटी बुजवायला कडेने लांबीचा लगदा भरला. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा डाव्या कोपऱ्यातून धार लागली. दुसऱ्यांदा उजव्या. मिस्त्री म्हणाले, "माशाले बाहेर यायचं असंन तं दोन दरवाजे तयार हाय." तिसऱ्यांदा पाणी थांबलं. यांनी त्या रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची ठेवून पाहिली. उंची बरोबर जमली होती.

एप्रिलात डोळे पुन्हा तपासायला हे नागपूरला गेले. चार दिवस. अक्षय तृतीयेला वास्तुशांत धरली होती, तेव्हा त्या चार दिवसांत घराला चुना लावून घ्यायचा असं मी ठरवलं होतं. आमच्याकडे वास्तूच्या दिवशी घरातली एकही भिंत कोरी ठेवत नाहीत. मिस्त्रींनी बाहेरून सुरुवात केली, मग खोल्या घेतल्या. शेवटी पेटीपाशी आले. पाणी काढून टाकलेलं होतं, आतलं सिमेंट काळपट दिसत होतं.

"हे ठेवू का असंच, भाभी?"

मी विचार केला. यांना पांढऱ्यावरचं गडद लवकर दिसतं, हे मला माहीत होतं. मी यांच्यासाठी चिठ्ठ्यासुद्धा पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, मोठ्या अक्षरात लिहायचे. काळपट भिंतीपुढे लाल मासा यांना काय दिसणार? पांढऱ्यापुढे दिसेल.

"आतूनही द्या," मी म्हटलं. "दोन हात द्या."

मिस्त्रींनी तीन दिले. सुकल्यावर आतली बाजू धुतलेल्या धोतरासारखी दिसायला लागली. यादीत सतरावर रेघ मारताना मला फार बरं वाटलं होतं.

वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी हे बसने परत आले. मांडीवर तोंडाला फडकं बांधलेली काचेची बरणी होती आणि तिच्यात सहा लाल मासे. नागपूर ते यवतमाळ, यवतमाळ ते नेर, सगळी वाट बरणी मांडीवर धरून. "डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं. "करण्यासारखं काही नाही म्हणाले," हे म्हणाले. "बरणी सावलीत ठेव."

सकाळी भटजी यायच्या आत आम्ही पेटी विहिरीच्या पाण्याने भरली आणि मासे सोडले. हे खुर्चीवर बसले. वरून ऊन पाण्यात आलं होतं, मागे सगळं पांढरं शुभ्र, त्यात ते सहा लाल ठिपके फिरत होते. यांनी मोजले. "सहाच्या सहा दिसताहेत," हे म्हणाले. मी पूजेच्या तयारीला आत गेले. यांच्याजवळ थांबायला हवं होतं.

पहिली पंगत बसली तेव्हा जाऊ आतून आली. "बाई, मासे वर येऊन तोंड वासून राह्यले. भुका लागल्या त्यायले." तिने झडपेतून चिमूटभर बुंदी टाकली. पाहुण्यांच्या पोरी काचेला नाक लावून उभ्या होत्या. दुसऱ्या पंगतीपर्यंत एक मासा आडवा झाला होता. मी ताट हातात तसंच घेऊन बैठकीत आले. हे काचेच्या अगदी जवळ बसले होते.

"आत काय लावलं होतं?"

"चुना."

चुना पाण्यात उतरतो, हे यांना सांगायला नको होतं. दरवर्षी आठवीच्या वर्गात चुन्याची निवळी करून दाखवणारा माणूस. मी म्हटलं, "तुम्हाला उठून दिसावेत म्हणून."

"हो," हे म्हणाले. "उठून दिसत होते."

तिसरी पंगत उठली तेव्हा सहाही मासे वर तरंगत होते. मी ते ओंजळीने काढले. हाताची कातडी नंतर दिवसभर चुरचुरत होती.

चुना काढणं सोपं आहे असं मला वाटलं होतं. खरवडायचं, पाणी भरायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. असं पंधरा-वीस वेळा. पण मे लागला. आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं, आळीतल्या बाया आमच्या रहाटावर घागरी लावून बसायला लागल्या. मी तिसऱ्यांदा पेटी रिकामी करत होते तेव्हा जाऊ दारात आली.

"लोकायले प्याले पानी नाही अन् तुम्ही भिंत धुता. कायले?"

कायले, ते तिला माहीत नव्हतं, कारण यांच्या डोळ्यांचं मी घरात कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी बादली खाली ठेवली. यांना म्हटलं, "पावसानंतर करू." हे म्हणाले, "चालेल."

पावसाळ्यात पाणी भरपूर होतं. मी आठवड्यातून दोनदा पेटी भरली, रिकामी केली. जुलैत हे चहा बशीऐवजी सतरंजीवर ओतायला लागले. पोळ्याच्या सुमारास शाळेत जाणं थांबलं. दसऱ्यापर्यंत आतला चुना पुरता गेला. मिस्त्रींनी खात्री करायला नाल्यातून दोन बारीक मासे आणून सोडले. ते आठ दिवस जगले, खात राहिले, भांडले. पाणी निर्दोष होतं.

मी यांना हात धरून खुर्चीवर बसवलं. यांनी तळहात काचेवर ठेवला.

"कुठे आहे?"

मी यांचं बोट धरून जिथे मासा होता तिथे नेलं. मासा सरकला, मी बोट सरकवलं. पुन्हा मासा सरकला.

"बस," हे म्हणाले. "काच थंड लागते, छान." मग जरा वेळाने, "सतरा नंबर वर घ्यायला हवा होता, असं तू मनात आणू नकोस. छपराआधी मासे कोण ठेवतं?"

नाल्यातले मासे मिस्त्रींनी नाल्यात परत सोडले. पेटी मी भरलेलीच ठेवली आहे, दर रविवारी पाणी बदलते. नागपूरहून सहा लाल मासे आणायचे, हे काम वहीच्या नव्या पानावर पहिल्या नंबरवर लिहिलं आहे. बस सकाळी सुटते. मासे आणले तर यांना सांगायचं की नाही, हे अजून ठरलं नाही, आणि ते ठरत नाही तोवर माझं नागपूरला जाणं होत नाही.