मावशींची हरकत

इंदापुरात कचेरीसमोर अर्ज टाइप करून द्यायचं माझं छोटं दुकान आहे. धरणाच्या फुगवट्याकाठी पर्यटन केंद्र, बोटींचा धक्का आणि हॉटेलं होणार, असा आराखडा जाहीर झाला आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. पाणी ओसरल्यावर जिथं पिकं घेतात ती कुणाची गाळपेर जाणार होती, कुणाच्या पाणी उपसायच्या मोटारी, कुणाची जाळी टाकायची जागा. मी एक मजकूरच करून ठेवला होता. नाव-गाव बदललं की हरकत तयार.

शेवटच्या दिवशी एक वयस्कर मावशी आल्या. धरणात बुडालेल्या जुन्या गावच्या.

“माझं लेकरू तितं पुरलंय,” त्या म्हणाल्या. “आठ दिसांचं व्हतं. पानी वसरलं की चिंचंचा बुंधा उघडा पडतो, त्याच्या बुडाला. दर उन्हाळ्याला जाऊन बसती मी. तेवढी जागा सोडा म्हनावं.”

“मावशी, असलं कारण चालत नाही. गाळपेर जाते असं लिहू?”

“मला कुठं हाय गाळपेर?”

“सगळे तेच लिहितायत.”

“तुमाला कळतंय, तुमी लिवा,” म्हणत त्यांनी अंगठा उठवला. मागं रांग होती. घाई होती, हे खरं. पण लेकराचं ते वाक्य टाइप करायला माझा हात धजला नाही, हेही खरं.

सुनावणीत साहेबांनी मावशींना गट नंबर विचारला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“जमीनच नाही, मग हरकत कसली?” साहेबांनी कागद बाजूला ठेवला.

मी तिसऱ्या रांगेत होते. उठून दोन वाक्यं बोलायची होती. उठले नाही.

विरोधाला यश आलं. गाळपेर वगळली, मोटारी वाचल्या. गावात गुलाल उधळला, माझ्या दुकानात पेढे आले. नवा नकाशा मी त्याच दिवशी पाहिला. धक्का सरकवला होता, जिथं कुणाची हरकत टिकली नव्हती तिथं. जुन्या गावठाणावर.

दोन उन्हाळ्यांनी मी मावशींना शोधत काठावर गेले. त्या तारेच्या कुंपणाला धरून उभ्या होत्या. आत जेसीबीनं सगळं सपाट केलं होतं. बुंधा उपटून लांब फेकलेला.

“मावशी, चुकलं माझं.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नेमकी जागा कंची, त्येच कळंना बग आता,” एवढंच म्हणाल्या.

मी कुंपणाची खालची तार वर उचलून धरली. “या, आत जाऊन बघू.”

त्या हलल्या नाहीत. “पाय कुठं ठिवू?”

आता तिथं बोटी सुटतात. सुट्टीत लोणी भापकरहून माझी भाचरं येतात, सगळे हौसेनं धक्क्यावर जातात. मी गाडीतून खाली उतरत नाही. का, ते अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.