बसलेलं हाय का बसलेलं हुतं

काष्टीपासून थोडी आत, कालव्याचं पाणी शेतांना नेणाऱ्या चारीला लागून आमची शाळा आहे. मागे ऊस, डाव्या हाताला ऊस, आणि शाळेपासून डांबरी रस्त्यापर्यंत जी मुरमाची वाट जाते, तिच्या एका बाजूलाही ऊस. मी नगर शहरात वाढले. इथे इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मला ऊस नुसता हिरवा दिसायचा.

तो हिवाळा दहावीच्या जादा तासांचा होता. शाळा पाचला सुटायची, दहावीची मुलं तासभर थांबायची. डिसेंबर लागला, दिवस लहान झाला, आणि त्याच सुमाराला कुणीतरी सांगितलं की शाळेमागच्या उसात बिबट्या आहे. आधी एक कुत्रं गेलं. मग पाण्याच्या पाटातल्या चिखलात पंजे उमटलेले सापडले. वस्तीवरचे लोक हातात काठी घेऊन आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्यांदा गाणी लावून फिरायला लागले. मी स्कूटीवरून घरी जाताना त्या मुरमाच्या वाटेवर हॉर्नवरचा अंगठा काढतच नसे. समोर कुणी नसायचं. तरी पों पों करत जायचं, आणि डावीकडे बघायचं नाही, असं माझं चाललेलं.

नेमकं त्याच आठवड्यात मला ‘नॉन-फायनाइट’ शिकवायचं होतं. इन्फिनिटिव्ह, जेरंड, पार्टिसिपल. खरं सांगायचं तर त्या धड्याचीही मला धास्ती होती. क्रियापदापासून बनलेला, पण वाक्यात क्रियापदाचं काम न करणारा शब्द, ही व्याख्या मी शाळेत पाठ केली, कॉलेजात पाठ केली आणि बी.एड.ला परत पाठ केली. ओळखायला मला यायचं. आधी ‘टु’ असलं की इन्फिनिटिव्ह. शेवटी आयएनजी असून नामासारखं वागलं की जेरंड, विशेषणासारखं वागलं की पार्टिसिपल. पण हे शब्द असे अर्धवट का राहतात, हे कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि विचारलंच. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती, अंगाने बारीक, बोलायला कमी. तिची वस्ती चारीच्या पलीकडे. संध्याकाळी तिची आई चारीवरच्या फळीच्या पुलापर्यंत तिला न्यायला यायची. ती उठून म्हणाली, “मॅडम, क्रियापद हाय तर मग ते क्रियापदाचं काम का करत न्हाई?”

“परीक्षेत असं विचारत नाहीत,” मी म्हटलं. “ओळखता आलं की झालं.”

ती बसली. मी फळ्यावर उदाहरणं लिहिली आणि म्हटलं, आता प्रत्येकाने एकेक वाक्य करा, पार्टिसिपल घालून. मुलांनी पुस्तकातलीच वाक्यं थोडी फिरवून दिली. तिची पाळी आली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “आय सॉ अ लेपर्ड ड्रिंकिंग वॉटर.”

वाक्य बरोबर होतं. मी फळ्याकडे वळले, खडू टेकवला आणि थांबले.

“हे तू बनवलंस ना?”

“न्हाई मॅडम. काल सांजच्याला. आमच्या शेततळ्यावर.”

सगळ्यांनी एकदम खिडकीकडे बघितलं. त्या खिडकीला गज होते, पण झडप नव्हती, आणि तिच्यापासून ऊस किती लांब होता ते मी तोपर्यंत कधी नीट बघितलं नव्हतं. हात लांब केला असता तर पात टेकली असती असं मला तेव्हा वाटलं. मी म्हटलं, “ड्रिंकिंग हे पार्टिसिपल.” फळ्यावर लिहिताना माझा खडू मोडला.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी पालकांना निरोप धाडले की मुलांना न्यायला माणूस आला पाहिजे. तास मात्र चालू राहिला. बोर्डाची परीक्षा होती, आणि बिबट्या कुणाच्या ना कुणाच्या शिवारात असतोच, असं सगळे म्हणत होते.

त्यानंतर चारेक दिवसांनी ती मुलगी जादा तासाला थांबली नाही. आई कांदालागवडीला गेली आहे, शेरडं बांधायला घरी जायला हवं, असं मला सांगून ती उजेड असतानाच गेली. जाताना मी तिला विचारलं होतं, “एकटी?” ती म्हणाली, “अजून ऊन हाय, मॅडम.”

सहाला थोडा वेळ होता. ऊन गेलं होतं, पण अंधार पडला नव्हता. बाहेर चपलेचा एकच आवाज आला, फट, मग काही नाही, परत फट. तिची आई शाळेच्या मैदानातून येत होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा. वर्गाच्या दारात येऊन तिने चौकट धरली.

“मॅडम,” ती म्हणाली, “पोरगी शेरडू सोडवाया जाऊन... चारीच्या कडंनं येताना... ते वरडल्यालं ऐकून मी वावरातनं पळत पळत येऊन... तिची वढणी तितं पडल्याली बघून...”

आणि ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. जाऊन, येताना, ऐकून, बघून. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते. प्रत्येक शब्द कळत होता, पण काय झालं ते कळत नव्हतं. सगळं कशाच्या तरी अलीकडे येऊन थांबत होतं, आणि जो शेवटचा एक शब्द यायचा, तो त्या बाईच्या तोंडून निघत नव्हता. तो येऊ नये असंही मला वाटत होतं.

“ताई,” मी म्हटलं, “पूर्ण सांगा. काय झालं?”

“घावंना,” ती म्हणाली. “माझी पोरगी घावंना.”

मुली रडायला लागल्या. हेडसर ऑफिसातून धावत आले. त्यांनी पोलीस पाटलांना फोन लावला, पाटलांनी वनखात्याला कळवलं. तोवर वस्तीवरची माणसं बॅटऱ्या, काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन निघाली होती. मुलीचा चुलता सगळ्यांत पुढे होता. हेडसर मुलांपाशी थांबले. त्यांनी दार लावून घेतलं आणि मुलांना सांगितलं, “आवाज करत राहायचं. गप्प बसायचं नाही.” मीही आत राहणार होते. पण त्या आईने माझं मनगट धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले. धीर आहे म्हणून गेले नाही. हात सोडवून घ्यायला मला लाज वाटली.

आम्ही चारीच्या कडेने चाललो. पुढे माणसं डबे बडवत होती. मागून शाळेतून मुलांचा आवाज येत होता. काय म्हणावं ते त्यांना सुचलं नसणार, म्हणून ती फळ्यावरचंच वाचत होती, सगळी एका सुरात, जेवढ्या मोठ्याने येईल तेवढ्या. टु रन. रनिंग. टु हाइड. हायडिंग. एवढ्या आवाजात उसात काही हललं तर ऐकू कसं येणार, हे एकच माझ्या डोक्यात होतं. सगळे उजवीकडे उसात बॅटरी मारत होते. मी पायाखाली बघत होते.

ओढणी जिथे पडली होती तिथून शेरडाला ओढत नेल्याची खूण उसात गेली होती. थोडं रक्त होतं. चुलता खाली बसला, बोटाने बघितलं आणि म्हणाला, “शेरडाचं हाय.” ते त्याला कसं कळलं कोण जाणे. कुणी त्याला विचारलं नाही.

आईचा आवाज हाका मारून मारून बसला होता. आता तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. तेवढ्यात पुढच्या एकाने हात वर केला. डबे थांबले. विहिरीजवळ मोटारीची खोली होती, पत्र्याच्या दाराची, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी. तिच्यातून आवाज आला.

“दाराशी बसल्यालं...”

सगळे होते तिथे थिजले. आई पुढे झेपावली, तिला चुलत्याने कमरेला धरून मागे ओढलं. बॅटऱ्या त्या दारावर गेल्या. दारासमोर गवत होतं, कमरेएवढं, आणि मागे ऊस. गवतात काही दिसत नव्हतं. दिसत नव्हतं याचा अर्थ काही नव्हता असा होत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“बाय, आमी आलोय,” चुलता ओरडला. “भाइर ये.”

आतून परत तेच. “बसल्यालं... दाराशी बसल्यालं...”

चुलत्याच्या मागे मी होते. मला एकाएकी कळलं की ती नेमकं काय सांगत नाहीये. मी ओरडले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, “बसलेलं हाय का बसलेलं हुतं?”

काही आलं नाही. शाळेकडून मुलांचा सूर तेवढा येत होता. माझ्या मनगटावर आईची नखं रुतली होती.

“हुतं,” ती म्हणाली.

माणसांनी एकदम डबे बडवायला सुरुवात केली आणि ती ओरडत गवतात घुसली. काही उठलं नाही. दार आतून कडी लावलेलं होतं आणि ती कडी मुलीला काढता येईना. बोटं कडीवर आखडून बसली होती. शेवटी चुलत्याने पत्रा वाकवून हात आत घातला आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. ती बाहेर आली तेव्हा आईने तिला पदरात गुंडाळलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि कुणालाही बघू दिलं नाही. तिला कुठे खरचटलंही नव्हतं. बिबट्याने शेरडू पकडलं तेव्हा दावं तिच्या हातात होतं. ते सोडून ती पळाली आणि खोलीत शिरली. आई हाका मारत होती ते तिने ऐकलं होतं. बोलली असती तर त्यालाही ऐकू गेलं असतं, म्हणून ती बोलली नव्हती.

मला त्या दिवशी पाटलांनी गाडीतून काष्टीला सोडलं. स्कूटी शाळेतच राहिली. खोलीवर येऊन मी मनगटावरच्या नखांच्या खुणांना हळद लावली आणि दिवा चालू ठेवून बसले.

जादा तास सकाळी आठला घ्यायचं ठरलं. वनखात्याने पिंजरा लावला. ती मुलगी आठवडाभर आली नाही, मग आली आणि खिडकीची जागा सोडून भिंतीकडे बसली. मी तो धडा परत काढला. या वेळी मराठीतून सुरुवात केली. ‘धातुसाधित’ असं आपण मराठीत म्हणतो, हे मी सांगितलं. बसलेलं, बसून, बसताना, बसायला. हे सगळं ‘बस’पासून झालं आहे, पण यातलं एकही आपल्याला वेळ सांगत नाही. ते आत्ता आहे का होतं, झालं का व्हायचं आहे, हे त्याच्या पोटात नसतं. ते सांगायला वाक्यात दुसरं क्रियापद लागतं. ते येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. इंग्रजीतही तसंच. ‘ड्रिंकिंग’ एवढंच म्हटलं तर ते काल होतं की आज, कळत नाही. ते ‘सॉ’ने कळलं. तू विचारलं होतंस ना, ते क्रियापदाचं काम का करत नाही? हे काम त्याला करता येत नाही.

बोलताना मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तास संपला, मुलं बाहेर गेली. ती फळ्याजवळ आली.

“मॅडम, मला त्या वक्ताला दिसत न्हवतंच,” ती म्हणाली. “दार लावल्यालं हुतं. फटीतनं काय दिसंना. ते हाय का गेलं, मला ठाव न्हवतं.”

“मग ‘हुतं’ कसं म्हणालीस?”

“तुमी इचारलं म्हनून. कायतरी सांगाया पाहिजे हुतं. म्हनताना लई भ्या वाटलं. म्हटलं, आपुन हुतं म्हनायचं आन् ते हाय निघायचं.”

ती वह्या घेऊन गेली. मी खुर्चीवर बसले. त्या एका शब्दावर माणसं गवतात घुसली होती. तिचा चुलता सगळ्यांत पुढे होता. आणि तो शब्द मी मागितला होता. हे मी हेडसरांना सांगितलं नाही, तिच्या आईलाही नाही. कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. पण पुढे कितीतरी दिवस डोळे मिटले की ते कमरेएवढं गवत दिसायचं आणि त्यात शिरणारी माणसं.

पुढे पलीकडच्या शिवारातल्या पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला. तोच की दुसरा, कुणाला सांगता आलं नाही. ऊस तुटला, कारखान्याला गेला. वर्गातून थेट चारीचा पूल दिसायला लागला. मुलीने परीक्षा दिली, बऱ्या मार्कांनी पास झाली. आईने तिला श्रीगोंद्याला कॉलेजात घातलं आणि तिथेच मावशीकडे ठेवलं. मग एकदा आई पेढे घेऊन आली तेव्हा मी विचारलं, एवढंसं लेकरू, जड नाही गेलं लांब ठेवायला?

“गेलं की,” ती म्हणाली. “पन तितं घराच्या कडंला ऊस न्हाई, मॅडम.”

मी अजून त्याच शाळेत आहे. पाच वाजता घंटा झाली की मुलांच्या आधी माझी स्कूटी मुरमाच्या वाटेला लागते. शाळेमागे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटलेला खोडवा ठेवला आहे. तो आता खिडकीच्या खालच्या गजाला आला आहे.