शिसं कुठून आलं

यंत्रं विकायला येणारे टायवाले पाहिले की माझं डोकं उठतं. आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत असे दोघे आले होते. नव्या गिऱ्हाइकाला बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, शिशाचा कणही चालणार नव्हता, म्हणून मालकांना धातूत काय-काय मिसळलंय ते मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर घ्यायचा होता. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. निवड माझ्यावर, लॅबच्या केमिस्टवर, सोपवलेली.

एकाचं यंत्र धातूचा तुकडा वरच्या सालीसकट आम्लात विरघळवून मोजायचं. दुसऱ्याचं तुकडा तसाच घ्यायचं आणि एकेक थर उडवत आत उतरायचं. "लई सावकाश हाय की हे," मालक म्हणाले. मीही हसलो. एकाच कास्टिंगचे तुकडे कापून दोघांकडे पाठवले.

पहिल्याचा रिपोर्ट दोन दिवसांत आला. शिसं आहे. मालकांनी लगेच भट्टीवरच्या फोरमनला बोलावलं.

"भंगारात काय कचरा घातलास?"

"न्हाय मालक, एकेक तुकडा बघून घेतोय."

मला त्याची कीव आली नाही, संतापच आला. सातवी शिकलेला माणूस यंत्राला खोटं पाडायला निघाला होता! त्याला घरी बसवायच्या कागदावर मीच सही ठोकली.

आठवड्यानं दुसऱ्याचा रिपोर्ट आला. शिसं फक्त वरच्या थरात, आत औषधालाही नाही. म्हणजे ते बिडात नव्हतंच, बाहेरून लागलं होतं. तुकडे कापायच्या मशीनपाशी गेलो. खंडेनवमीला लावलेला शेंदूर तेलासकट ओघळून पात्यापर्यंत आला होता. शेंदरात शिसं असतं हे मी कॉलेजात पाठ केलेलं. आणि तो फासला होता मीच, एमएस्सी केमिस्ट्रीनं, नारळ फोडून. टायवाल्यांना मूर्ख म्हणत हिंडणारा शहाणा तो मीच.

दुसऱ्या दिवशी पेठ वडगावला फोरमनच्या घरी गेलो. सगळं खरं सांगितलं. मालक परत बोलावताहेत म्हणालो. तो दारात उभा राहून ऐकत होता.

"साहेब, यंत्राचं खरं-खोटं दोनदा तपासलंसा," तो म्हणाला. "एकवीस वर्षं भंगार निवडतोय मी. माझं एकदा तरी तपासायचं हुतं की."

त्यानं बसा म्हटलं नाही, आणि माझंही पाऊल आत पडेना.